कुबट, आंबूस, उग्र

साशंक : या मॅटचा वास जाणार नाही, हे मी तुला लिहून देतो. गेल्या आठवड्यात पोरांनी दोन बाटल्या फिनाईल ओतलं, कोपऱ्यांत कापूर ठेवला, उदबत्त्या लावल्या. काल संध्याकाळी शटर वर केलं तर आधी फिनाईलचा भपकारा आला आणि त्याच्या मागोमाग जुना वास, होता तसाच. आम्ही मातीत कबड्डी खेळलो. माती चाळायची, पाणी मारायचं, चोपून सपाट करायची आणि उतरायचं. घाम पडला तो पडल्या जागी जिरला. मैदानाला वास येतो, अशी तक्रार मी कधी ऐकली नाही. मीटर-मीटरचे हे चौकोन दातांत दात अडकवून अंथरले, तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक बैठकीत वास हा विषय असतोच. मातीला घाम पिता येतो, या फोमला येत नाही. मग तो जाणार कुठे?

उत्साही : काका, आपण सगळ्याला नुसतं ‘वास’ म्हणतो, घोटाळा तिथेच होतो. माझी आजी डब्याचं झाकण काढून नुसतं नाक जवळ नेऊन सांगायची, पीठ कुबट झालंय, शेंगदाणे खवट झालेत, भाजी आंबूस झालीय. पुढे काय करायचं ते तिला त्या शब्दातच कळलेलं असायचं. रविवारी मी तेच केलं. गुडघ्यांवर बसून, मॅटला नाक लावत सगळा गाळा फिरले. निदान रेषेच्या आसपास, जिथे सर्वांत जास्त पकडी होतात, तिथे आंबूस. मागच्या भिंतीलगतच्या दोन ओळी उचलल्या तर खालच्या बाजूने कुबट. शटरजवळच्या कोपऱ्यात नाकात झोंबणारा उग्र दर्प, कारण रात्री मांजर फटीतून आत येतं. आणि मागच्या महिन्यात आणलेल्या वीस नव्या मॅटना गोडसर, रंगाच्या दुकानासारखा वास. चार वास, चार कारणं. फिनाईल मात्र आपण चौघांवर सारखंच ओतलं.

साशंक : वेगवेगळे शब्द सापडले म्हणून वास कमी झाला नाही. घामाचा वास जंतूंमुळे येतो, एवढं मलाही माहीत आहे. फिनाईल जंतू मारतं. मग जंतू मेल्यावरही वास का येतो, ते सांग.

उत्साही : दही खळाखळा उकळलं तर त्यातले जंतू मरतील, पण दह्याचा आंबटपणा जाईल का? तसंच आहे हे. अंगातून नुकत्याच निघालेल्या घामाला जवळजवळ वास नसतो. कातडीवर राहणारे जीवाणू, त्यात स्टॅफिलोकॉकसची जात मोठी, घामातली आणि झडलेल्या त्वचेतली प्रथिनं खातात. ल्युसिन नावाच्या अमिनो आम्लापासून ते आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार करतात. पायमोजे काढल्यावर येतो तो आंबूस वास या आम्लाचा. जीवाणू मेले तरी त्यांनी केलेलं आम्ल मॅटच्या खरबरीत पृष्ठभागात बसून राहतं. शिवाय मॅटवर घाम, अंगाचं तेल आणि चपलांनी आणलेली धूळ यांचा एक चिकट थर असतो. त्याच्यावर जंतुनाशक ओतलं की त्याची बरीचशी ताकद त्या थरातच संपते, खालपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी साबण. बादलीभर कोमट पाण्यात थोडासा सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसणं. साबण राहिला तर तोच चिकट होऊन नवी धूळ धरतो, पोरं घसरतात ते वेगळंच. थर निघाल्यावर आंबूस जागेवर खायचा सोडा. सोड्याने त्या आम्लाचा क्षार बनतो आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत येत नाही. हे वास झाकणं झालं नाही काका. वास देणारा पदार्थच बदलला.

साशंक : आणि मांजराच्या कोपऱ्यात?

उत्साही : तिथे सोडा उपयोगाचा नाही. मूत्रातल्या युरियापासून अमोनिया होतो, तो अल्कधर्मी, त्यामुळे तिथे पातळ केलेलं व्हिनेगर. पण मांजराच्या मूत्रात युरिक आम्लही असतं, ते पाण्यात नीट विरघळत नाही. वाळलं की वास गेल्यासारखा वाटतो, हवा दमट झाली की परत येतो. त्याला एन्झाइमचा द्रव मिळतो, तो ओलाच काही तास राहू द्यावा लागतो. मला भीती वाटते ती पोरांच्या उत्साहाची. सोडा आणि व्हिनेगर दोन्ही चांगले म्हणून एकत्र ओततात. छान फसफसतं आणि दोघांचीही ताकद एकमेकांत संपते. त्यात नुकसान फक्त पैशाचं. पण व्हिनेगरवर ब्लीच ओतलं तर क्लोरिन वायू निघतो आणि मांजराच्या मूत्रावर ब्लीच पडलं तर क्लोरामाइन. एकच शटर असलेल्या गाळ्यात हा जिवाशी खेळ आहे. मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावणार आहे.

साशंक : लाव. तेवढं मला पटलं. पण बघ, तू जे सांगितलंस त्यात चार द्रव, दोन फडकी, एक ब्रश आणि एक सूचनाफलक आला. मातीला यातलं काय लागत होतं? कोल्हापूरच्या तालमीत जाऊन बघ. हौद्यातल्या लाल मातीत ताक घालतात, हळद, लिंबू, तेल घालतात, ती रोज खणून वरखाली करतात. त्याला कुणी दुर्गंधीवरचा उपाय म्हणत नाही. माती सांभाळणं म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या पैलवानांनी त्या हौद्यात घाम गाळला, आणि तिथे गेल्यावर नाकाला फडकं लावावंसं वाटत नाही, उलट खोल श्वास घ्यावासा वाटतो. कारण माती जिवंत असते. ती खाते, पचवते. ही मॅट मेलेली आहे. तिच्यावर पडलेलं सगळं माणसालाच काढावं लागतं, आणि माणूस कंटाळतो.

उत्साही : माती जिवंत असते हे अगदी खरं आहे, आणि मला वाटतं तिथेच तुमचं म्हणणं वळण घेतं. पहिल्या पावसाचा जो वास आपल्याला वेड लावतो तोही जीवाणूंचाच आहे. मातीत स्ट्रेप्टोमायसीस नावाचे जीवाणू असतात, ते जिओस्मिन नावाचा पदार्थ करतात. माणसाचं नाक त्याला इतकं तिखट आहे की लिटरभर पाण्यातले काही नॅनोग्रॅम त्याला कळतात. इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली कोरड्या मातीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासाला पेट्रिकोर हे नाव दिलं. त्याच्या कितीतरी आधीपासून कनौजला मातीचं अत्तर काढत होते. म्हणजे मातीत जंतूंनी केलेला वास आपण अत्तर म्हणून कुपीत भरतो आणि मॅटवर जंतूंनीच केलेला वास आला की शटर उघडं ठेवून बाहेर पळतो. मैदानाला वास नव्हता असं नाही. तो तुम्हाला आवडत होता.

आणि दुसरं. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच राहतात. तुमच्या गुडघ्यांवरचे व्रण तुम्ही अभिमानाने दाखवता, दाखवायलाच हवेत. पण आज माझ्याकडे अकरा-बारा वर्षांच्या मुली येतात. त्यातल्या निम्म्यांच्या आयांनी आधी येऊन खाली हात लावून पाहिलं, मऊ आहे ना, खरचटणार नाही ना, आणि मग होकार दिला. मॅट नसती तर त्या मुली आल्याच नसत्या. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा त्यांना मॅटची सवय नव्हती, तरी ते सहावे आले. १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. माती मोठीच आहे, पण पुढची वाट मॅटवरून जाते. महाराष्ट्र केसरीतसुद्धा माती आणि गादी असे दोन्ही विभाग आहेतच की.

साशंक : मुलींचं तू म्हणालीस ते मी खोडणार नाही. माझी नात त्यातच आहे. पण आत्ता तू स्वतःच कबूल केलंस की वास आणि घाण एक नाही. चांगला वाटणारा वासही जंतूंचाच. मग मला सांग, वास घालवून तू नेमकं काय मिळवणार? घरातला गॅस घे. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम तो कुजकट वासाचा मर्कॅप्टन मिसळतात. किती घरं त्या दुर्गंधीने वाचली असतील! वास हा राखणदार आहे. आज मॅट घाणेरडी झाली की वास येतो, चारचौघांत लाज वाटते, म्हणून पोरं फडकं हातात घेतात. उद्या सोडा टाकून वास घालवलात, खाली घाण तशीच, तर कोण कशाला पुसेल? गजकर्णाला वास नसतो. नागिणीसारखे फोड उठवणारी जी साथ कुस्तीगीरांत पसरते, तिलाही नसतो. तुझी वास नसलेली मॅट मला वास येणाऱ्या मॅटपेक्षा जास्त भीतीदायक वाटते.

उत्साही : हा आक्षेप मला झोपू देत नाही, खरं सांगते. आणि त्याला तुमच्यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे आहे. त्या नव्या वीस मॅट घ्या. हा ईव्हीए फोम आहे, इथिलीन आणि व्हिनाइल ॲसिटेटचा. तो फुगवायला जे रसायन घालतात ते तापलं की त्यातून थोडा फॉर्मामाइड नावाचा पदार्थ तयार होतो आणि फोममध्ये राहतो. २०१० साली बेल्जियमने लहान मुलांच्या असल्याच कोड्याच्या मॅट याच कारणासाठी बाजारातून काढायला लावल्या. पुढे युरोपीय संघाने मर्यादा घातली. खेळण्यांच्या फोममधून जास्तीत जास्त २८ दिवसांनंतर हवेत येणारा फॉर्मामाइड घनमीटरला २० मायक्रोग्रॅमच्या आत हवा. आता गंमत नाही, गंभीर गोष्ट सांगते. नव्या मॅटचा तो गोडसर वास बहुतेक फॉर्मामाइडचा नसतो. फोमचे धागे एकमेकांत बांधायला वापरलेल्या दुसऱ्या रसायनापासून ॲसिटोफिनोन होतं, त्याचा तो वास. म्हणजे ज्याचा वास भरभरून येतो त्याच्यावर कुणी बंदी घातली नाही, आणि ज्यावर घातली ते एवढ्याशा प्रमाणात नाकाला कळतच नाही. तेव्हा तुमचा राखणदार नेहमी योग्य दारात उभा असतोच असं नाही.

साशंक : मग मला जे म्हणायचं होतं तेच तू म्हणालीस. नाकावर विसंबून काही ठरवता येत नाही.

उत्साही : नाकावर एकट्यावर नाही, एवढंच. मी आता दोन वह्या करते आहे. एक पुसण्याची. तिला वासाशी देणंघेणं नाही. वास येवो न येवो, रोज सराव संपला की मॅट पुसायची आणि जंतुनाशक लावलं तर बाटलीवर लिहिलंय तितकी मिनिटं ते ओलं राहू द्यायचं, लगेच कोरडं करायचं नाही. दुसरी वही वासाची. कुठे, कुठला, कधीपासून. दुसऱ्या वहीने पहिलीतली चूक सापडते. नव्या मॅटना कुठलाही द्रव लावायची गरज नाही. वेष्टन काढायचं, व्हरांड्यात उभ्या रचायच्या, दोन मॅटमध्ये हाताएवढी फट ठेवायची, काही आठवडे वारा खाऊ द्यायचा. समोरच्या व्यायामशाळेत जुन्या टायरच्या चुऱ्याच्या काळ्या फरशा घातल्यात ना, त्यांचंही तेच. तो वास बेन्झोथायाझोल नावाच्या पदार्थाचा, रबर पक्कं करायला घालतात त्या रसायनांतून आलेला. पत्र्याच्या छपराखाली दुपारी दुप्पट येतो, कारण उष्णतेने तो जास्त सुटतो. ते लोक त्याच्यावर सुगंधी फवारे मारतात. वेळ आणि वारा सोडून त्याला फारसं औषध नाही.

साशंक : आपल्याकडे एक साधं औषध होतं, ऊन. गाद्या, उशा, घोंगड्या, धान्य, सगळ्यांना ऊन दाखवायचे.

उत्साही : तेच इथे फसतं. एप्रिलच्या उन्हात ईव्हीएची मॅट तासाभरात कडांनी वळते, आक्रसते, मग दात दातांत बसत नाहीत, सांध्यात फट पडते आणि त्या फटीत घाम उतरतो. ऊन दाखवून वास घालवायला गेलात तर पुढच्या वासाची सोय करून येता. सावलीतला वाराच बरा.

साशंक : बरं, तीन वास झाले. आता भिंतीकडच्या कुबट वासाचं बोल. तू त्याच्याभोवती फिरतेस, मी मघापासून बघतोय.

उत्साही : फिरते, कारण तो मॅटचा नाहीच. तो जमिनीचा आहे. मॅटच्या खाली बुरशी आहे. फोमच्या आत पाणी शिरत नाही, पण खालच्या कोब्यातून ओल वर येते आणि मॅटखाली अडकते. मी तिथल्या दोन मॅट काढून दीड फुटी प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवला आणि रात्रभर ठेवला, निदान सोळा तास ठेवावा लागतो. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतून थेंब. मॅट धुतली, पुसली, सुकवली आणि परत तिथेच अंथरली तर पंधरवड्यात वास परत. या वासाला सोडा नाही, व्हिनेगर नाही. जमीन कोरडी करायला हवी, किंवा मॅट जमिनीपासून उचलायला हवी.

साशंक : आणि ते करायला पैसे हवेत. एरवी तुझा प्रत्येक उपाय दहा-वीस रुपयांचा होता. इथे कोबा फोडून ओल अडवणारा थर घालायचा, नाहीतर लाकडी फळ्यांचा चौथरा उभारायचा. आमच्या घरी जमीन शेणाने सारवायचे. ती श्वास घेत होती, ओल वर आली तरी हवेत निघून जायची. तुम्ही तिच्यावर सिमेंट घातलं, सिमेंटवर फोम घातला, आणि आता ओल अडकली म्हणून तक्रार. कोकण, मुंबई, आपला हा पट्टा, जुलैत हवेत आर्द्रता ऐंशीच्या वर. या हवेत जमिनीला फोम चिकटवून ठेवणं हेच मुळात चुकीचं असेल, तर पुसून काय होणार? हे खेळाचं नाही, हवामानाचं भांडण आहे.

उत्साही : भांडण आहे हे मान्य. म्हणून मी महिन्यातून एकदा सगळ्या मॅट उचलायचं म्हणते. मैदान तेरा बाय दहा, म्हणजे १३० मॅट. एकेकीला दोन्ही बाजूंनी पुसायला दोन मिनिटं धरली तर एका माणसाला चार तास वीस मिनिटं. पण संघात बारा खेळाडू आणि मी तेरावी. प्रत्येकी दहा मॅट, वीस मिनिटं. रात्रभर उभ्या ठेवायच्या, पंखा खालून लावायचा.

साशंक : गणित बरोबर आहे. माणसं चुकीची धरलीस. तालमीत माती खणणं हा व्यायाम होता. नवा पोरगा आला की त्याला आधी फावडं मिळायचं, कुस्ती नंतर. वस्तादसुद्धा खणायचा. तिथे खणण्यात कमीपणा नव्हता. इथे फडकं आहे. आणि फडकं म्हटलं की मुलांच्या संघातली पोरं कुणाकडे बघतात हे तुलाही माहीत आहे. पहिल्या महिन्यात तेराही जण पुसतील. दुसऱ्या महिन्यात फक्त मुलींचा संघ पुसेल. तिसऱ्या महिन्यात कुणीतरी सुचवेल की एक बाई ठेवू, महिन्याला अमुक देऊ. मग तिला कोण सांगणार की कुठला वास आंबूस आणि कुठला कुबट, ब्लीच कुठे ओतायचं नाही? बंद गाळ्यात ती एकटी असेल. तुझी भिंतीवरची सूचना ती वाचू शकेल का?

उत्साही : ...हे मी लिहिलं नव्हतं. बाई ठेवायची नाही, एवढं मी बैठकीत मांडेन. आणि मुलांच्या संघाला पुसल्याशिवाय सराव नाही.

साशंक : मांड. मी पाठिंबा देईन. फळीवाल्यांना मीच विचारेन. पण जूनपर्यंत चौथरा होणार नाही, हे धरून चाल. मग पावसाळ्यात काय? मी म्हणतो, चार महिने भिंतीलगतच्या दोन ओळी काढून ठेवा आणि मैदान लहान करा. बाकीच्या तरी वाचतील.

उत्साही : मुलींचं मैदान बारा बाय आठ असतं, त्यांना चालेल. मुलांना नाही चालणार, आणि पावसाळा संपायच्या आत शाळांच्या तालुका स्पर्धा असतात. त्या दोन ओळी गेल्या तर मैदानाच्या कडेची पट्टी, लॉबी, जाते. लॉबीशिवाय शिकलेला मुलगा स्पर्धेत पहिल्या झटापटीत गोंधळतो.

साशंक : आणि कुबट मॅटवर रोज दोन तास जमिनीला तोंड लावून धडपडलेला मुलगा?

उत्साही : तोही खोकत घरी जातो, माहीत आहे मला. तुम्ही उद्या सहाला येता का? मी रोज इथे असते, आता मला आंबूस आणि कुबट यांत फरक कळेनासा झालाय. नाक सरावतं. बाहेरून आलेल्या माणसाने पहिल्या श्वासात सांगायला हवं. त्या दोन ओळींपैकी दारापासून सहावी आणि सातवी मॅट मी काल खालून धुऊन परत लावली आहे. ती कुठली ते न सांगता तुम्हाला ओळखता आली, तर मी दोन्ही ओळी काढते.

साशंक : कुठली ते आत्ताच सांगून टाकलंस.

उत्साही : मग आज रात्री जागा बदलते.